देवनागरी रांगोळीचे अ‍ॅक्रिलिक साचे : आठ महिने वापरल्यावर

लग्नकार्यात रांगोळ्या काढून देते. दारात 'शुभ विवाह' लिहायला आधी बाजारातले प्लास्टिकचे छाप वापरायचे, पण अक्षरांचं वळण पसंत पडत नव्हतं. शेवटी इंकस्केप या चित्र आखायच्या संगणक प्रोग्रॅममध्ये स्वतः आखून अ‍ॅक्रिलिकचे साचे लेझरने कापून घेतले. आता त्यांच्याशिवाय काम करवत नाही.

पहिला साचा वाया गेला. उचलला तर दोन्ही 'व'ची पोटं निखळून खाली पडली. रांगोळी टाकली असती तर नुसते गोळे उमटले असते. त्याहून अवघड शिरोरेषा. ती सलग कापली की दोन अक्षरांमधली पट्टी फक्त खालून धरलेली राहते, जिभेसारखी हलते आणि एक दिवस तडकते. आता दोन अक्षरांच्या मध्ये रेघ तोडून 3 मिमीचा सांधा, म्हणजे न कापलेली पट्टी, ठेवते, 'व'च्या पोटालाही दोन सांधे देते. आतले कोपरे गोल करते, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

जाडी 3 मिमीच घ्या. 2 मिमीचा दोन फुटी साचा उचलताना मध्ये वाकतो आणि कडा फिसकटतात. दोन्ही टोकांना मुठी चिकटवल्यात. चहाच्या गाळणीने रांगोळी भुरभुरायची, साचा सरळ वर उचलायचा आणि सांध्यांच्या जागी चिमटीने रेघ जोडायची. ही शेवटची चिमूट टाळू नका, नाहीतर अक्षर पोत्यावरच्या छाप्यासारखं दिसतं.

पारदर्शक शीट घरगुती निळ्या डायोड लेझरवर कापली जात नाही, प्रकाश आरपार निघून जातो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचं मशीनच लागतं. पीव्हीसीची शीट मात्र लेझरखाली कधीच देऊ नका, क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो.

एक साचा मी हाताने खराब केला. सॅनिटायझरने पुसला आणि कडेला केसासारख्या बारीक भेगा पडल्या. लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहिलेला असतो, अल्कोहोल लागलं की तो फुटतो. आता साबणाचं पाणी आणि ओलं मऊ फडकं, बास. कोरड्या फडक्याने घासलं तर स्थिर विजेने रांगोळी उलट जास्त चिकटते.

'श्री' अजून मनासारखी जमलेली नाही. सांधा कुठेही ठेवला तरी डोळ्याला खुपतो. तिसरा नमुना परवाच कापायला दिलाय.