लेप्रकॉनच्या सापळ्याचा लाकडी संच: मार्च ते नोव्हेंबर, वापरानंतरचा अनुभव

सेंट पॅट्रिक दिन या आयरिश सणाच्या, म्हणजे १७ मार्चच्या, आदल्या रात्री मुलांनी लेप्रकॉन या चिमुकल्या काल्पनिक जीवासाठी सापळा मांडायचा आणि सकाळी उठल्याबरोबर तो सापडला का हे पाहायला धावायचे, ही प्रथा मुख्यतः अमेरिकेतील बालवाड्यांत आणि घरांत रुळली. परंतु ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो लेप्रकॉन अस्सल आयरिश लोककथांमधला आहे. आम्ही डब्लिनमध्ये राहतो. सात वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांच्यासाठी आम्ही मार्चच्या सुरुवातीला या सापळ्याचा एक लाकडी संच मागवला आणि सणानंतरही तो वापरात राहिला. एका दिवसाच्या खेळासाठी पैसे घालवावेत का, असा प्रश्न अनेक पालकांना पडत असेल, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

संचात पातळ प्लायवूडच्या खाचा पाडलेल्या फळ्या, एक छोटी शिडी, दोरा, काही काठ्या, हिरव्या फेल्टची टोपी, प्लास्टिकची सोनेरी नाणी, चमकीची पुडी आणि माहितीपुस्तिका असते. किंमत साधारण २५ युरो पडली. फळ्या गोंदाशिवाय एकमेकींत बसतात, त्यामुळे पेटी पुन्हा पुन्हा मोडून नव्याने जोडता येते, आणि माझ्या मते या संचाचे खरे मोल याच एका गोष्टीत आहे. गोंदाने कायमचे चिकटवायचे संच दिसायला अधिक सुबक असतात, पण ते एकदा पूर्ण झाले की मुलांना त्यात करण्यासारखे काही उरत नाही.

सापळ्याचे दोन प्रकार यातून करता येतात. पहिल्यात लेप्रकॉन शिडीने पेटीवर चढतो आणि टोपीखाली झाकलेल्या खड्ड्यात पडतो. हा प्रकार पाच वर्षांच्या मुलालाही जमतो. दुसरा मात्र मन लावून करण्याजोगा आहे. त्यात पालथी पेटी एका बाजूने उचलून तीन काठ्यांच्या खटक्यावर तोलायची असते. एक काठी उभी राहते, तिच्या टोकावर दुसरी तिरकी टेकते आणि पेटीचा भार पेलते, आणि तिसरी आडवी काठी खाचांच्या आधारे या दोघींना जागच्या जागी धरून ठेवते. आमिष या आडव्या काठीच्या टोकाला लावायचे. त्याला जरासा धक्का लागला की खाच सुटते, तिन्ही काठ्या कोसळतात आणि पेटी खाली येते. शिकारी लोकांचा हा फार जुना खटका आहे. खाच उथळ असेल तर पेटी आपोआप पडते आणि खोल असेल तर आमिष ओढले तरी हलत नाही, हे मुलीने कोणीही न सांगता शोधून काढले आणि त्यानंतर खाचेत पेन्सिलीचे शिसे घासून ती गुळगुळीत करण्यापर्यंत तिची मजल गेली. घर्षण, तोल आणि भार या तीन गोष्टी तिला या खेळात जितक्या नीट उमगल्या, तितक्या मी समजावून सांगितल्या असत्या तरी उमगल्या नसत्या.

माहितीपुस्तिका मात्र निराशा करते. तिच्यात लेप्रकॉन म्हणजे हिरवा कोट, नारिंगी दाढी आणि सोन्याचा हंडा, एवढेच आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक वर्णनांत त्याचा कोट लाल असतो, आणि लोककथांमधील त्याची खरी ओळख म्हणजे तो एकटा राहणारा चांभार आहे. हे मुलांना सांगितल्यावर मुलीने लगेच विचारले, की ज्याच्याकडे सोन्याचा हंडा आहे तो चार नाण्यांसाठी कशाला येईल? तिने नाणी बाजूला ठेवली आणि फेल्टच्या तुकड्याचा, टाच उसवलेला इवलासा बूट करून तो आमिष म्हणून टांगला. फर्गस मॅक लेटी या राजाची मध्ययुगीन कथा ऐकल्यावर तर सापळ्याची जागाच बदलली. समुद्रकाठी झोपलेल्या राजाला तीन चिमुकले जीव पाण्यात ओढून नेऊ लागतात, थंड पाण्याच्या स्पर्शाने तो जागा होतो आणि त्यांनाच पकडतो, अशी ती गोष्ट आहे. ती ऐकून आमचा सापळा न्हाणीघराच्या दाराशी गेला.

लेप्रकॉन शेवटी निसटतोच, आणि तोही जोर करून नव्हे तर बुद्धीने, हे या कथांचे मर्म पालकांनी जपावे असे मला मनापासून वाटते. एका प्रसिद्ध कथेत शेतकरी त्याला पकडून खजिना रॅगवर्ट या रानवनस्पतीच्या कोणत्या झुडपाखाली पुरला आहे हे वदवून घेतो, त्या झुडपाला लाल पट्टी बांधतो आणि ती न सोडण्याचे वचन घेऊन फावडे आणायला जातो. परत येऊन पाहतो तो शेतातील प्रत्येक झुडपाला तशीच लाल पट्टी! म्हणून १७ मार्चच्या सकाळी लेप्रकॉनच्या खोड्या म्हणून घरभर पसारा करून ठेवण्यापेक्षा आम्ही पेटी पडलेली, आत कोणी नाही आणि बुटाची टाच शिवलेली, एवढेच ठेवले. मुलांनी त्यावर दिवसभर तर्क लढवले. उन्हाळ्यात रस्त्याकडेला रॅगवर्टची पिवळी फुले दिसू लागल्यावर हीच कथा पुन्हा निघाली आणि तिच्याबरोबर पेटीही. ही वनस्पती गुरांना आणि घोड्यांना विषारी असल्याने आयर्लंडमध्ये १९३६ च्या कायद्यानुसार जमीनमालकाला तिचा बंदोबस्त करावा लागतो, तेव्हा मुलांना ती दुरूनच दाखवावी. त्याच दिवसांत आम्ही डब्लिनमधील लेप्रकॉन संग्रहालयातही गेलो. २०१० मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात वस्तूंपेक्षा तोंडी कथाकथनाला महत्त्व आहे आणि संचातील पुस्तिकेची उणीव तिथे पूर्णपणे भरून निघाली.

दोषही सांगायला हवेत. इथल्या दमट हवेत प्लायवूड फुगते आणि मे महिन्यापर्यंत दोन फळ्या खाचांत बसेनाशा झाल्या. बारीक सॅंडपेपरने कडा घासल्यावर त्या बसल्या. पोस्टर रंगाचा जाड थर दिला तरी हाच त्रास होतो, त्यामुळे खाचा आणि कडा न रंगवता सोडाव्यात. चमकीची पुडी आम्ही उघडलीच नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले आहेत. ही चमकी वनस्पतिजन्य असल्याचे पुडीवर लिहिले असले, तरी गालिच्यातून ती निघता निघत नाही. नाणी लहान आहेत, म्हणून तीन वर्षांखालील भावंड घरात असल्यास ती काढून टाकावीत. दोराही फार निकृष्ट आहे. त्याऐवजी सुती सुतळी घ्यावी.

दिवाळीत मुलांनी गॅलरीत किल्ला केला, तेव्हा याच फळ्यांचा महादरवाजा झाला आणि शिडी तटाला लागली. त्यानंतर संच पुन्हा खोक्यात गेला असून एका काठीचे मोडलेले टोक सोडले तर सर्व भाग शाबूत आहेत. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी मी हा संच अवश्य सुचवेन, मात्र तो निदान पंधरा दिवस आधी घरात यावा, कारण तीन काठ्यांचा खटका एका संध्याकाळी साधत नाही.