कार्डाचं बिल फिरवून देणाऱ्याने मलाच फिरवलं, वाचा आणि सावध रहा

भोसरी, चाकण, पिंपरी साईडला राहणाऱ्यांनी हे बोर्ड बघितले असतीलच. मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाबाहेर छोटा फ्लेक्स, "क्रेडिट कार्ड बिल भरून मिळेल, फक्त अडीच टक्के". मी रोज कामाला जाताना बघायचो आणि मनात म्हणायचो कोण जात असेल असल्या ठिकाणी. मग एक दिवस मीच गेलो.

झालं असं की बहिणीचं सिझर झालं, मेडिक्लेम नव्हता, आणि ८४,००० माझ्या कार्डावर गेले. भाऊजींचं काम सुटलेलं होतं, त्यांना मागायचं कसं. मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, पगार ठीकठाक, पण ८४ हजार एका महिन्यात कुठून आणणार. बिल आलं, खाली मिनिमम ड्यू ४,२०० लिहिलेलं. मला बरं वाटलं, म्हटलं एवढे तर भरू. मग ऑफिसमधल्या एका दादाने समजावलं की अरे बाबा मिनिमम भरलंस तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२०० मधले साधारण साडेतीन हजार व्याजातच जाणार आणि मूळ रक्कम सातशेने कमी होणार. शिवाय जुनं बाकी असताना नवीन काही घेतलं तर त्याला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे मिळत नाही, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. हे सगळं खरंच आहे, दादा चुकीचं काही बोलला नाही. चुकीचं पुढचं होतं. तो म्हणाला मी दीड वर्ष फिरवतोय, बँकेला वाटतं आपण फुल पेमेंट करतो, बँक खूष, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पण मस्त.

फिरवायचं म्हणजे काय तर दुकानवाला त्याच्या पैशातून आपलं पूर्ण बिल भरतो, लिमिट मोकळं होतं, लगेच तो आपलं कार्ड त्याच्या मशीनवर घासून भरलेले पैसे अधिक अडीच टक्के काढून घेतो. बँकेचे व्याज-जीएसटी धरून चार टक्क्यांच्या वर, याचे अडीच. हिशोब बघितला तर माणूस स्वस्तच वाटतो. मशीनचा चार्ज जाऊन त्याला अडीच टक्क्यात उरतं किती, मग तो हा धंदा करतो कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज पडतो.

दुकान बेसमेंटला. माणूस एकदम गोड, "या साहेब, चहा घेणार?", माझ्यासमोर ॲपमधून बिल भरलं, पेमेंट मिळाल्याचा बँकेचा मेसेज मी वर जाऊन बघून येईपर्यंत कार्डाला हात नाही लावला. मग घासलं, मी पिन टाकला, स्लिप आली. स्लिपवर नाव कुठल्या तरी वस्त्र भांडाराचं. मी विचारलं हे काय, तर म्हणे "पार्टनरचं मशीन आहे साहेब". मोबाईलच्या दुकानात साडीची पावती, आणि मी घडी करून पाकिटात ठेवली.

असं पाच महिने. मी कार्ड दुसऱ्या कशाला वापरलं नाही तरी प्रत्येक वेळी त्याचे अडीच टक्के त्यातच मिळत गेले आणि ८४ चे ९५ हजार झाले. मूळ एक रुपया कमी नाही. मधे बँकेचा मेसेज आला की तुमचं लिमिट १,२०,००० वरून १,८०,००० करायचं का, संमती द्या. मी दुकानवाल्याला सहज सांगितलं तर तो म्हणाला "लगेच येस करा, बँक तुमच्यावर खूष आहे, सिबिल अजून वाढेल". मी येस केलं. घरी पण फुशारकी मारली.

सहावा महिना, शनिवार संध्याकाळ. ९५,००० भरले, मेसेज आला तो मी वरच, आत जाण्याआधी बघितला. खाली रेंज नसते हे त्याला आणि मला दोघांना माहीत. ९७,४०० घासले, पिन टाकला, मशीनकडे बघून तो म्हणाला "च्यायला, डिक्लाईन दाखवतंय, रोल पण संपला, परत मारू". दुसरं मशीन काढलं, मी परत पिन टाकला. मशीनचा स्क्रीन माझ्याकडे नव्हता, आकडा मी बघितला नाही. स्वतःच्या हाताने पिन टाकतोय आणि वर आकडा किती आहे ते बघत नाही, याच्यापेक्षा मोठा गाढवपणा मी आयुष्यात केला नसेल. जिना चढून वर आलो आणि फोन दोनदा वाजला. एक मेसेज ९७,४०० चा, दुसरा ७९,५०० चा. लिमिटमधे ३,१०० शिल्लक.

तसाच खाली पळालो. तो जरा पण गडबडला नाही. "अरेरे, पहिलं पण गेलं वाटतं, काळजी नको साहेब, बॅचमधून रिव्हर्स टाकतो, शनिवार-रविवार आहे, सात वर्किंग डे धरा." एका कागदावर लिहून पण दिलं. आणि मी घरी आलो.

हे सात दिवस म्हणजेच खरी फसवणूक होती हे मला नंतर कळलं. मशीनवर घासलेले पैसे दुकानदाराच्या खात्यात साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी पडतात, तिथून पुढे ते कुठे गेले ते देव जाणे. मी त्याच जिन्यावरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला असता तर पैसे वाटेत अडकायची काहीतरी शक्यता होती. आठव्या दिवशी फोन बंद, नवव्या दिवशी शटर बंद. शटरसमोर अजून चार-पाच जण उभे, सगळ्यांच्या हातात स्लिपा, त्यातच आमचा दादा पण.

मग बँकेला फोन. ताई शांतपणे म्हणाल्या, "सर, दोन्ही वेळा कार्ड चिपने चाललंय, पिन तुम्हीच टाकला ना?" काय सांगणार. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलेलं, त्यात आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि आपण तीन वर्किंग दिवसात कळवलं तर आपली जबाबदारी शून्य. पण आपल्याच निष्काळजीपणामुळे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मी चांगले अकरा दिवस थांबून कळवलेलं. वर त्यांनी विचारलं की दर महिन्याला बिल परक्या खात्यातून येतं आणि थोड्या वेळात तेवढीच रक्कम त्याच-त्याच एक-दोन दुकानात घासली जाते, हे काय आहे? म्हणजे त्यांना दिसत होतं सगळं. कार्ड सस्पेंड. ज्यांना मी खूष समजत होतो ते पाच महिने माझं नाव कुठल्या तरी यादीत घेऊन बसले असणार.

अजून एक गोष्ट एका सीएने नंतर सांगितली. वर्षाला १० लाख किंवा जास्त कार्डाचं बिल भरलं गेलं की ती माहिती इन्कम टॅक्सकडे जाते. महिन्याला ९० हजार फिरवले की वर्षात ते होतातच. माझा पगार तेवढा नाही, आणि नोटीस आली असती तर साड्या घेतल्या म्हणून सांगायचं का.

पुढची चूक माझी एकट्याची. त्या व्यवहारांवर बँकेकडे डिस्प्यूट (हरकत) टाकलाय म्हणजे बिल भरायचं नाही असं मी गृहीत धरलं. बँकेने डिस्प्यूट फेटाळल्याचं मेल प्रमोशन्समधे पडून राहिलं, ड्यू डेट गेली, लेट फी, व्याज, आणि तीन दिवसांच्या वर उशीर झाला की सिबिलला कळवतातच. मग वसुलीवाल्यांचे फोन. त्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, हे एकदा ठणकावून सांगितल्यावर रात्रीचे फोन थांबले. त्यातल्याच एकाने सेटलमेंट ऑफर केली, ४० टक्के माफ. मोह झाला होता, पण रिपोर्टमधे "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि पुढे होम लोनला तोच आडवा येतो, म्हणून नाही म्हटलं. आणि हो, "पाच हजारात सिबिल क्लीन करून देतो" असा पण एक फोन आला, त्याला काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

शेवटी एक दिवस अर्धी सुट्टी टाकून कस्टमर केअरला स्वतः फोन केला आणि जे झालं ते सगळं सरळ सांगितलं. वीस मिनिटं होल्डवर ठेवलं, पण १,७७,००० चे २४ हप्ते करून दिले, महिना साडेआठ हजारांच्या वर. फोन ठेवता ठेवता विचारलं की सहा महिन्यांपूर्वी ८४ हजारांचं असंच झालं असतं का. हो म्हणाले, ॲपमधेच ऑप्शन होता. घरी येऊन १५ टक्क्याने काढून बघितलं, वर्षभर महिना साधारण ७,६०० आणि एकूण व्याज सातच हजार, वर थोडा जीएसटी. मी त्या गोड माणसाला पाच महिन्यात अकरा हजार दिले होते आणि मूळ जिथल्या तिथे. तो फोन न करण्याचं कारण एकच, बँकेला कळेल माझ्याकडे पैसे नाहीत याची लाज.

पोलिसात तक्रार आहे, सायबर पोर्टलवर पण नंबर मिळालाय. मशीन ज्याच्या नावावर होतं तो म्हणतो मी भाड्याने दिलेलं. साहेबांनी सहाही महिन्यांच्या स्लिपा मागितल्या. पाकिटातून काढल्या तर तो गुळगुळीत कागद पार पांढरा पडलेला, एकावर फक्त "वस्त्र भां" एवढंच दिसतंय. तुमच्याकडे असतील तर आजच फोटो काढून ठेवा.