सपर्स रेडी: स्टुडिओतलं, रेनबोतलं की पॅरिसचं?

जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचं 'सपर्स रेडी' हे गाणं पहिल्यांदाच ऐकणार असाल तर १९७७ सालचं पॅरिसचं रेकॉर्डिंग लावा. मूळ स्टुडिओतलं नको, आणि बँडचा मूळ गायक पीटर गेब्रिएलनं गायलेलं १९७३ चं लाइव्हसुद्धा नको. जुन्या चाहत्यांना हे रुचणार नाही. गेब्रिएलवर माझाही त्यांच्याइतकाच जीव आहे, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

गाणं तेवीस मिनिटांचं, सात भागांचं. १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट' या एलपीची दुसरी बाजू जवळजवळ सगळी त्यानंच व्यापली आहे. सुरुवात अगदी घरगुती: टोनी बँक्स, स्टीव्ह हॅकेट आणि माइक रदरफोर्ड तिघंही बारा तारांच्या गिटारी घेऊन बसलेले, आणि गाण्याच्या शब्दांतल्या खोलीत दोघंच जण. बघता बघता समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो. लंडनमध्ये बायकोच्या माहेरी एका रात्री आलेल्या भीतिदायक अनुभवातून हे सुचलं, असं गेब्रिएलनं सांगितलंय. तिथून गाणं लढाईत शिरतं, लढाईनंतरच्या सुन्न शांततेत थांबतं, 'विलो फार्म' या भागात शब्दांचा धुडगूस घालतं, बायबलच्या प्रकटीकरणातल्या प्रलयातून जातं आणि नव्या यरुशलेमपाशी पोचतं.

विसाव्या मिनिटानंतर पहिल्या भागाची चाल परत येते. तीच, पण खोलीतली कुजबुज आता घंटांच्या आणि ढोलांच्या गजरात आलेली असते. तिला लागूनच दुसऱ्या भागाचं संगीतही परततं. एवढा लांबचा पल्ला ऐकणाऱ्यानं गाठायचा तो या जागेसाठी. त्यामुळे कुठलंही रेकॉर्डिंग मी एकाच कसोटीवर तोलतो: ही चाल परत येते तेव्हा पहिली तुमच्या मनात जिवंत असते का?

या जागेच्या आधी 'अपोकॅलिप्स इन नाइन-एट' हा भाग आहे, तो जवळून बघण्यासारखा आहे. बेस, गिटार आणि ड्रम्स नऊ मात्रांचं आवर्तन धरून बसतात, तीन-दोन-चार असं तोडलेलं. मांडीवर हात मारून बघा: एक दोन तीन, एक दोन, एक दोन तीन चार. दहा-बारा आवर्तनांत हाताला सवय होते. आता बँक्सचा ऑर्गन ऐका. तो या नवात चालतच नाही, बराचसा चारच्या आणि सातच्या हिशेबानं वर फिरत राहतो. आपल्याकडे गायक ठेका सोडून गेल्यासारखा भासतो आणि तरी समेवर येणार याची खात्री असते, तशी ओढ लागते. इथे ती सम लांबत जाते, आणि गेब्रिएलचा आवाज घुसतो तेव्हा कुठे मोकळी होते. बँक्सला ही जागा आपल्या वादनासाठी हवी होती. तिथे गाणं सुरू झालं तेव्हा तो आधी नाराज झाला, मग त्यालाच ते थरारक वाटलं. शेवटचा भाग आपण जीव पणाला लावून गात होतो, असं गेब्रिएल म्हणालाय. ते ऐकू येतं.

मग स्टुडिओतलंच का नको? कारण तो ऐन शेवट रेकॉर्डवर हळूहळू विरत जातो. शिवाय मूळ मिक्स दाटीवाटीचा आहे. ड्रम्स आणि मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारं कीबोर्ड) एकमेकांत मिसळतात, आणि नऊ मात्रांच्या भागात रदरफोर्डचा बेस शोधावा लागतो. ध्वनितंत्रज्ञ निक डेव्हिसनं नंतर केलेल्या नव्या मिक्समध्ये वाद्यं सुटी झाली आहेत, पण थोडी जास्तच उजळ. स्टुडिओ रेकॉर्ड दुसऱ्या खेपेला घ्या. गाणं ओळखीचं झालं की त्यातली बारीक कामं आपोआप दिसू लागतात.

लंडनच्या रेनबो थिएटरमधलं २० ऑक्टोबर १९७३ चं रेकॉर्डिंग १९९८ च्या 'आर्काइव्ह' संचात आलं. या काळात गेब्रिएल 'विलो फार्म'ला फुलाचा मुखवटा चढवायचा, प्रलयाला लाल भौमितिक शिरोभूषण घालून यायचा आणि शेवटाला काळा झगा टाकून पांढऱ्या कपड्यांत उभा राहायचा. रंगमंचावर हे विलक्षण असणार. ध्वनिमुद्रणात मात्र त्याची किंमत मोजावी लागली, कारण मुखवट्याआडून गाणाऱ्या माणसाचा आवाज माइकपर्यंत नीट पोचत नाही. संच तयार करताना गेब्रिएलनं काही भाग पुन्हा गायले. म्हणजे तेवीस वर्षांच्या गायकाच्या मध्ये मध्ये चाळिशी ओलांडलेल्या गायकाचा आवाज बसवलाय. काम सफाईचं आहे, तरी एकदा कळल्यावर माझं लक्ष त्या सांध्यांकडे जातं, आणि नेमकं शेवटाला ते जायला नको असतं. या काळातलं गाणं बघायचंच असेल तर त्याच महिन्यात शेपर्टन स्टुडिओत चित्रित झालेली फिल्म घ्या. मुखवटे दिसले की बाकीचं माफ होतं.

आता पॅरिस. 'सेकंड्स आउट' या दुहेरी एलपीची तिसरी बाजू पूर्ण या गाण्याची आहे. गेब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला होता, गायला आता बँडचा ड्रमर फिल कॉलिन्स होता. त्याच्याकडे मुखवटा नव्हता, वेगवेगळी पात्रंही नव्हती. 'विलो फार्म' त्यामुळे फिकं पडतं, हे मान्य. तिथली बेरकी, खोडकर माणसं गेब्रिएलच्याच घशात राहतात. पण कॉलिन्स पहिला भाग इतका हळुवार, इतका साधा म्हणतो की ती चाल मनात घर करते, आणि वीस मिनिटांनी परत आल्यावर लगेच ओळखू येते. ड्रम्सवर चेस्टर टॉमसन, फ्रँक झापाच्या आणि वेदर रिपोर्ट या जॅझ बँडच्या तालमीतला. गायचं नसेल तेव्हा कॉलिन्सही दुसऱ्या ड्रमसंचावर जाऊन बसायचा. बँक्सचा ऑर्गन कितीही भटकला तरी खालची जमीन हलत नाही. आणि इथे शेवट विरत नाही. लोकांसमोर तो वाजवून संपवावाच लागतो, आणि त्या शेवटच्या स्वरावर तीन मिनिटांचा साठलेला श्वास सुटतो. एक उणीव आहे: हॅकेटची गिटार मला थोडी मागे ऐकू येते. या अल्बमचं मिक्सिंग चालू असतानाच त्यानं बँड सोडला.

ती उणीव त्यानं स्वतःच भरून काढली. २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आणि २०२२ मध्ये ब्रायटनमध्ये त्यानं आपल्या बँडसह हे गाणं पूर्ण वाजवलं. दोन्ही रेकॉर्डिंगं मिळतात. ध्वनी सगळ्यांत स्वच्छ इथेच आहे. तिथला गायक नॅड सिल्वन, त्याचा आवाज गेब्रिएलच्या वळणाचा आहे, पण 'विलो फार्म'मधला वेडेपणा त्याच्याकडून ठरवून आल्यासारखा वाटतो. त्याचं मी फार मनावर घेत नाही, कारण मी ही रेकॉर्डिंगं हॅकेटसाठी लावतो. १९७२ च्या रेकॉर्डवर जिथे आवाज कमी होत होत त्याची गिटार नाहीशी होते, तिथून पुढे तो वाजवत राहतो. चाल तीच, एकेक स्वर लांबवत, घाई नाही. पॅरिसचं पाच-सहा वेळा ऐकून झालं की हे लावा, आणि शेवट आला की उठू नका.