तुळजापूर की हत्तरसंग कुडल?

रविवारी तुळजापूरला जाणं सोपं: सोलापुरातून सुमारे ४५ किमी, एसटी सारख्या सुटतात. पण सुट्टीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेतच अर्धा दिवस जातो.

हत्तरसंग कुडलला, भीमा-सीना संगमावर, स्वतःची गाडीच बरी. विजापूर रस्ता सोडून आत वळावं लागतं, परतीच्या बसचा भरवसा नाही. पाणी, डबा सोबत हवाच. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख आहे. अक्षरं झिजलेली, समोरून बॅटरी मारली तर सपाट दिसतात, कडेने तिरपी धरली की खाचांत सावली पडून उठून येतात. खडू मात्र लावू नका, दगड खराब होतो. शेजारी ३५९ मुखांचं शिवलिंग. नवस फेडायचा नसेल तर कुडलच. पावसाळ्यात तेवढं नदीचं पाणी विचारून निघा.