रतनवाडीतला मुक्काम: सायकलवर जाणाऱ्यांसाठी

भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती राहायची सोय आता पावलापावलावर आहे. धरणाजवळच्या शेंडी गावाच्या पुढे पाण्याकडेला रांगेने तंबू दिसतात. पण ही ठिकाणं चालतात गाडीतून येणाऱ्यांच्या हिशेबाने. जेवण रात्री दहाला, तोवर शेकोटी आणि स्पीकर, सकाळचा चहा आठच्या पुढे. दिवसभर पायडल मारून आलेल्या माणसाला सातच्या आत ताट लागतं, सायकलीला छप्पर लागतं आणि उजाडायच्या आधी चहा लागतो. याच जलाशयाकाठच्या रतनवाडी गावात एका मावशींच्या घरी हे सगळं न मागता मिळालं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. त्यातही बायकाबायका सायकलवर निघणार असाल तर जरूर वाचा.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी धाकटी नणंद. नाशिकहून निघालो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे साडेपाचला. विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव करत महामार्गाने घोटी. हा टप्पा रटाळ आहे, ट्रकांची वर्दळ वाढायच्या आत उरकून टाकावा. घोटीला मिसळ खाऊन कोल्हारच्या रस्त्याला लागलो आणि तिथून खरी सहल सुरू झाली. बारीचा घाट चढताना उजव्या हाताला कळसूबाई सोबत असते. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. घाट संपला की अकोले तालुका, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. शेंडीहून मुतखेलमार्गे रतनवाडी गाठली तेव्हा नाशिकपासून नव्वदच्या आसपास किलोमीटर झाले होते आणि उन्हं रतनगडाच्या मागे चालली होती.

सामानाचं आधी सांगते, कारण मुक्काम कुठे करायचा यावर सामान ठरतं. कॅरिअर न लावता सीटखाली, फ्रेमच्या त्रिकोणात आणि हँडलला पिशव्या आवळून निघायचं, याला आता सगळेच बाइकपॅकिंग म्हणतात. कॅरिअरवरची पिशवी खडबडीत रस्त्यावर खडखडते, नट सैल होतात. आवळून बांधलेली पिशवी सायकलीला चिकटून राहते. जड वस्तू, म्हणजे हवेचा पंप, ट्यूब, हत्यारं, पाणी, फ्रेमच्या पिशवीत तळाला ठेवायच्या. कपडे सीटखाली. या घरी अंथरूण-पांघरूण आणि दोन वेळचं खाणं मिळतं, त्यामुळे तंबू, स्टोव्ह, भांडी, शिधा सगळं घरी ठेवता आलं. दोघींच्या सायकलींवर पाच-पाच किलोसुद्धा ओझं नव्हतं. बारीच्या चढावर त्याचा फरक पिंढऱ्यांना कळतो.

शिवाय हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर पावती फाडूनच आत जायचं आणि मनाला येईल तिथे तंबू ठोकायचा नाही. मला हे पटतं. जंगलात रात्र काढायची हौस असली तरी जंगलाशेजारच्या गावात, गावच्या माणसांच्या ओसरीवर झोपावं. पैसे त्यांच्याच घरात जातात आणि बिबट्याच्या वाटेत आपण येत नाही.

घर अमृतेश्वराच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पाटी वगैरे काही नाही. देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर जेवणवाल्या मावशी म्हणून विचारलं की एखादं पोरगं दारापर्यंत आणून सोडतं. आम्हाला बघितल्यावर मावशींचा पहिला प्रश्न, "दोघीच आल्या का गं बाई, सायकलीवं?" आणि लगेच पुढचं वाक्य, "त्या आधी वसरीत घ्या, रातच्याला दंव पडतं." सायकली आत घेतल्या, मुलाने भिंतीच्या खुंटीला दोरी बांधून दिली. एक बादली गरम पाणी आंघोळीला आणि एक गार पाणी, जुनं फडकं आणि ब्रश. मागच्या खेपेला कुणी सायकलवाले आले होते, त्यांनी चेन पुसायला फडकं मागितलं होतं, ते मावशींनी लक्षात ठेवलेलं. एवढं लक्ष मोठ्या रिसॉर्टातसुद्धा मला कुणी दिलेलं नाही.

जेवण पावणेसातला. नाचणीची भाकरी चुलीवरून थेट ताटात, वालाची भाजी, पिठलं, इंद्रायणीचा भात आणि खुरसणीची चटणी. खुरसणीबद्दल थोडं सांगायलाच हवं. पावसाळा सरता सरता या डोंगरउतारांवर पिवळी फुलं दिसतात, त्यातली पुष्कळशी शेतं खुरसणीची असतात. तिचं बी भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटतात. काळीभोर चटणी होते, तोंडात तेल सुटतं आणि भाकरी कमी पडायला लागते. नाशिकला बाजारात खुरसणी मिळते, पण ती अशी ताजी कुटलेली नसते. मावशी म्हणाल्या, "तेल घालू नका वरून, तिचंच लई हाय." नणंदेने तीन भाकरी खाल्ल्या. एरवी ती घरी दीड भाकरीवर हात धुते.

बोलता बोलता बियाण्यांवर विषय निघाला. मी कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं नाव काढलं. त्या याच अकोले तालुक्यातल्या, गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळालेल्या. मावशींनी उठून फडताळातून गाडगं काढलं आणि राखेत ठेवलेलं वालाचं बी दाखवलं. सासूच्या हातचं बी दर साली पेरून पुन्हा राखून ठेवतात. आम्ही खाल्लेली भाजी त्याच वालाची होती. कुठल्याही हॉटेलच्या मेनूकार्डापेक्षा मला ही ओळख मोलाची वाटते, आणि इथे मुक्काम करायचं माझ्या लेखी सगळ्यांत मोठं कारण हेच.

आता उणं काय ते. अंगणात त्यांनी दोन तंबू लावलेत, ते घेऊ नका. एकपदरी कापडाचे आहेत, वरून दुसरा पडदा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आतली वाफ कापडाला धरते आणि पहाटे अंगावर टपकते. शेजारच्या तंबूतली मुंबईची मुलं पहाटे चारला पांघरुणं घेऊन ओसरीवर आली. आम्ही आतली खोली मागितली होती, ती शेणाने सारवलेली, कोरडी, उबदार. संडास घराबाहेर एकच आहे, स्वच्छ आहे, पण वाटेवर दिवा नाही, दगड वर आलेले आहेत. बायकांची ये-जा असते तर तिथे एक बल्ब लावाच, असं मी मावशींना स्पष्ट सांगितलं. चार्जिंगला खोलीत एकच बटण, त्यामुळे पॉवर बँक भरून न्या. मोबाईलला रेंज येते-जाते, ऑनलाइन पैसे अडकतात.

पहाटे साडेपाचला गवती चहा घातलेला चहा आणि गूळ-पोहे. सहाला आम्ही अमृतेश्वरात. शिलाहारांच्या काळातलं मानलेलं हे देऊळ गर्दीच्या वेळी बघून समजत नाही. पहाटे कुणी नसताना खांब आणि छतावरचं कोरीवकाम एकेक चौकट करून बघता येतं, आणि जवळची पुष्करणीही निवांत बघता येते. इथे मुक्काम केल्याशिवाय ही वेळ साधत नाही. शेंडीहून येणारी पहिली गाडी पोचेपर्यंत आमचा तास पदरात पडला होता.

परतीला साम्रद, घाटघर, मुरशेत अशी उरलेली प्रदक्षिणा घ्या. साम्रदच्या पुढे खडी उखडलेली आहे, चाळीस मिलिमीटरच्या टायरवर आम्हाला त्रास झाला नाही, बारीक टायरची रोड सायकल मात्र नेऊ नका. घाटघरच्या कड्यावर थांबलो. समोर कोकण थेट पायाखाली. इथल्या २५० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पात विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. शाळेत हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. वरचं पाणी आणि खालची दरी एका नजरेत बघितल्यावर नणंदेने विचारलेल्या शंकांना तिथेच उत्तरं देता आली.

शेंडीला विल्सन धरण. १९१० ला काम सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं. प्रवरा इथे अडवलेली. धरणाखालची बाग आम्ही टाळली, उन्हं चढायच्या आत बारी उतरायचा होता. घोटीत जेवून महामार्गाने चारपर्यंत घरी.

काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जून, या रस्त्यावर सायकल घालू नका. रात्रभर गाड्यांची रांग असते, आणि ज्या अंधारात काजव्यांनी जोडीदार शोधायचा त्या अंधारात हेडलाइट पेटलेले असतात. तेव्हा मावशींच्या घरातही पाय ठेवायला जागा नसते. भर पावसात धुक्यामुळे वळणं दिसत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त कानटोपी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच.

माणशी साडेआठशे रुपये पडले, त्यात खोली, रात्रीचं जेवण, चहा आणि नाश्ता. गावरान कोंबडी हवी असेल तर वेगळे पैसे आणि आदल्या दिवशी कळवायला हवं. फोन मुलगा घेतो, तो शेंडीला कामाला असतो, म्हणून दिवसा लावा. रोख न्या, सुट्टे न्या, आणि खोलीच मागा.