समृद्धीवर वापरलेलं टीपीएमएस: काय कळतं, काय कळत नाही

समृद्धी महामार्गावरून नेहमी जाणं-येणं असेल तर टीपीएमएस, म्हणजे चालत्या गाडीच्या टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारं यंत्र, घ्या. गाडीत कंपनीचंच असेल तर उत्तमच. आमची गाडी जुनी, तिच्यात नव्हतं, म्हणून बाहेरून लावायचं घेतलं. चार सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचे आणि काडेपेटीहून जरासा मोठा डिस्प्ले डॅशबोर्डवर चिकटवायचा. तो उन्हावर चार्ज होतो, ढगाळ दिवसांत केबल लावावी लागते. अडीच हजारांच्या आत काम झालं. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण एकाच साच्यातला माल पाच नावांनी विकायला आहे आणि आतलं यंत्र बहुतेक तेच.

मी नाशिकला राहते, माहेर कारंजा लाड. सिन्नरजवळ गोंद्याला चढायचं आणि कारंज्याला उतरायचं, मध्ये सुमारे चारशे किलोमीटर सरळसोट रस्ता. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तेव्हा घरी आनंदीआनंद होता. जूनमध्ये, म्हणजे २०२५ च्या, मुंबईच्या बाजूचा, भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा झाला आणि ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. पण पहिल्याच उन्हाळ्यापासून टायर फुटल्याच्या बातम्या यायला लागल्या. आरटीओवाले प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला लागले, तेव्हा आमच्या सोसायटीत हा चेष्टेचा विषय झाला होता. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

लोक काँक्रीटला दोष देतात. काँक्रीट तापतं हे खरं, पण त्याआधी टायरच्या पोटात काय चाललंय ते बघा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि उठते, त्यातून उष्णता तयार होते. शहरात चाळीसच्या स्पीडने सिग्नल ते सिग्नल जाताना ती उष्णता निघून जाते. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि दोन-दोन तास ब्रेकवर पाय ठेवायची वेळ येत नाही. वैशाखात, मागे तीन माणसं आणि डिकीत आईने दिलेलं तूरडाळीचं पोतं, अशा वेळी पाच-सहा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप, पंपावर चालतं तेच) कमी असलेला टायर आतून भाजत राहतो. बाहेरून बघाल तर तो ठणठणीत दिसतो, रेडियल टायर तसाही खाली थोडा फुगलेलाच असतो. लाथ मारून हवा बघणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आता यंत्राबद्दल. गाडी सुरू करून थोडं पुढे गेलं की चार आकडे दिसतात, दाब आणि तापमान. पेटीतून काढलं तेव्हा सगळं बार या दाबाच्या दुसऱ्या मापात होतं. सेटिंगमध्ये जाऊन पीएसआय करा, नाहीतर पंपावरच्या मुलाशी बोलताना गोंधळ होतो. अलार्मची खालची मर्यादा फार सैल ठेवलेली होती, ती मी वर आणली. आमच्या गाडीला थंड टायरमध्ये ३३ लागते (ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, गाडी भरलेली असेल तर वेगळा आकडा, तोही तिथेच), म्हणून अलार्म २८ वर.

पहिल्यांदा लावल्यावर आकडे बघून बरेच जण घाबरतात. सकाळी ३३ असलेली हवा जालन्यापर्यंत ३७ दिसते. हे असंच व्हायला हवं. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआय चढतो, त्यात वावगं काही नाही. वावगं होतं ते कुणीतरी घाबरून गरम टायरमधली हवा सोडतो तेव्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २९ वर असतो आणि परतीचा प्रवास तसाच सुरू होतो. माझ्या नवऱ्याच्या मित्राने हे नेमाने केलं, वर नायट्रोजनचे पैसेही दिले. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे त्याला अजून पटलेलं नाही.

या यंत्राची खरी किंमत मला सिंदखेड राजाच्या पुढे कळली. तीन टायर ३६-३७ वर चढलेले आणि मागचा डावा ३३ वरच. अलार्म वाजला नव्हता, वाजायचं कारणही नव्हतं, आकडा मर्यादेच्या आत होता. पण तिघं तापून चढतात आणि एक आहे तिथेच थांबतो, याचा अर्थ तो गळतोय. थोड्या वेळाने ३१. स्पीड हळूहळू ऐंशीवर आणला, डावीकडची लेन धरली, पण कडेच्या शोल्डरवर थांबले नाही. या रस्त्यावर कडेला उभ्या गाडीला मागून येऊन धडकण्याचे प्रकार वाचलेले होते आणि मागे आई बसलेली. मेहकरला उतरले तेव्हा २९ होती. पंक्चरवाल्याने चाक फिरवून साबणाचं पाणी मारलं, तर खाचेत रुतलेला खिळा, रस्त्यावर घासून त्याचं डोकं चांदीसारखं चकाकत होतं. ट्यूबलेसमध्ये खिळा स्वतःच भोक बुजवून धरतो, म्हणून हवा हळू जाते आणि स्टिअरिंगला काही जाणवत नाही. भोकात रबराची स्ट्रिप मारून आम्ही पाऊण तासात पुढे. या आकड्यावाचून ती गळती थेट कारंज्यातच कळली असती, किंवा त्याआधी फार वाईट पद्धतीने.

आता तक्रारी. माझ्या संचातल्या एका सेन्सरखालचं रबर नीट बसत नव्हतं आणि तिथूनच हवा जात होती. गळती शोधायचं यंत्रच गळकं! विकणाऱ्याने बदलून दिलं, पण आठ दिवस पत्रव्यवहार केल्यावर. तेव्हा बसवल्यावर प्रत्येक सेन्सरवर साबणाचा फेस लावून बघा. व्हॉल्व्हचं रबर जुनं, चिरलेलं असेल तर आधी ते बदला, सेन्सरचं वजन त्याच्यावरच येतं. कारंज्याच्या उन्हात गाडी अंगणात उभी राहिली आणि डिस्प्लेची चिकटपट्टी सुटून तो पायांत पडला, आता बाजारातली चांगली दुहेरी पट्टी लावली आहे. हवा भरताना प्रत्येक वेळी सेन्सर काढावा लागतो. चोर काढू नये म्हणून खाली नट दिला आहे, त्याचा पाना गाडीतच ठेवा. पंपावर चार सेन्सर एकदम काढून मुठीत घेतले जातात आणि हवे तिथे लावले जातात. मग डिस्प्ले पुढचा उजवा ओरडतो आणि गळतो मागचा डावा. सेन्सरवर कोणता कुठला ते बारीक अक्षरांत असतं, मी त्यावर नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत, एक ते चार.

आणि पंपावरचा गेज. न विचारता सगळ्यांना ३५ टाकणारी मुलं असतात, एका पंपावर तर मशीनने ३३ दाखवले आणि माझ्या हातातल्या गेजने २९. साधा हातगेज तीनचारशे रुपयांत मिळतो, तो याच्याबरोबर घ्याच.

जे हे यंत्र करत नाही तेही ऐका. टायर एकदम फाटला तर ते तुम्हाला आधी सांगणार नाही. रबर म्हातारं झालंय हेही त्याला कळत नाही. त्यासाठी टायरच्या बाजूला DOT या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचेतल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत नक्षी झिजली असेल तर डिस्प्ले कितीही हिरवा असो, गाडी बाहेर काढू नका. आणि झोप. सरळ रस्ता, एकसारखा आवाज, डोळे उघडे असून डोकं बंद होतं. त्यावर यंत्र नाही, मी आणि नवरा दीड-दोन तासांनी अदलाबदल करतो आणि दुपारी जेवल्यावर मी चालवत नाही.

टायरच्या आत बसणारे सेन्सर अचूक असतात, चोरीची भीतीही नाही, पण टायर उतरवून बसवावे लागतात आणि बॅटरी संपली की सहसा पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. बाहेरच्यातली सीआर १६३२ बॅटरी मी घरीच बदलते. त्यामुळे जुन्या गाडीला बाहेरचेच बरे. चार सेन्सरच्या संचात स्टेपनी मात्र राहून जाते, आणि ती डिकीत पडून पडून अर्धी रिकामी झालेली असते. तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असेल तर ती लावून समृद्धीवर जवळच्या इंटरचेंजपर्यंतच जायचं.