सर्जिकल रोबोटची सुरक्षा: सॉफ्टवेअरमधली तपासणी की वेगळं सर्किट?

रोबोटच्या हाताचा वेग आणि बल मर्यादेत ठेवणारी तपासणी मुख्य प्रोग्राममध्येच लिहायची, की वेगळ्या कंट्रोलरवर ठेवायची? टीम इथेच अडते.

खर्चात पहिला पर्याय सरळ स्वस्त. मर्यादा बदलायची तर एक ओळ बदलते. अर्थात चाचण्या पुन्हा कराव्याच लागतात. वेगळ्या सर्किटला दुसरा प्रोसेसर, दुसरा एन्कोडर (सांधा किती फिरला ते मोजणारा सेन्सर), स्वतंत्र वीजपुरवठा लागतो.

खरा फरक बिघाडात दिसतो. मुख्य लूप, म्हणजे प्रोग्रामचं सतत फिरणारं चक्र, अडकला की त्यातली तपासणीही अडकते. वॉचडॉग (वेळेत रिसेट झाला नाही तर यंत्रणा थांबवणारा टायमर) लावला तरी तो टायमर इंटरप्टमधून, म्हणजे लूपला मध्येच थांबवून ठरावीक वेळाने चालणाऱ्या कोडमधून, रिसेट केलात तर लूप मेलेला असतानाही इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉग गप्प बसतो. रिसेट लूपच्या शेवटी, सगळ्या तपासण्या झाल्यावरच करा. थेराक-25 या रेडिएशन यंत्रात जुन्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक (धोकादायक स्थितीत किरण सुरूच होऊ न देणारी सर्किटं) काढून भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. त्यातला 8 बिटांचा काउंटर 255 नंतर शून्यावर यायचा, आणि शून्य म्हणजे तपासणी वगळली जायची. 1985 ते 1987 मध्ये सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस मिळाला, काही दगावले.

वेगळ्या सर्किटचाही सापळा आहे: दोन्हींनी एकाच सेन्सरवर विसंबलं, तर वेगळेपण नावापुरतं. शिवाय वीज तोडताच स्प्रिंगचा ब्रेक लागून हात जागीच थांबला पाहिजे, खाली पडता कामा नये.

रुग्णाला न टेकणाऱ्या, औषधं वाहणाऱ्या हळू रोबोटला पहिला पर्याय बहुधा पुरतो. शरीरात अवजार जाणार असेल, तर दुसराच घ्या.